अल्वेराच्या वाट्याचं अर्धं

अल्वेरा सॅमला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा आमच्या वाशो जमातीच्या भाषा समितीने तिला मानचिन्ह दिलं. लाकडाची फळी, तिच्यावर पितळी पत्रा, आणि पत्र्यावर 'भाषेची रक्षक' अशी अक्षरं, इंग्रजीत. वाशोत लिहायचं ठरलं होतं, पण समितीत कोणालाच ते बिनचूक लिहिता येईना. आणि खुद्द अल्वेरालाच विचारून घ्यावं, तर तिला चकित करण्यातली मजा गेली असती.

याच भाषेपायी तिला सातव्या वर्षीही एक बक्षीस मिळालं होतं. सरकारी वसतिशाळेत ती दुसऱ्या एका मुलीला वाशोत 'थंडी वाजतेय का' एवढंच म्हणाली, आणि बाईंनी कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी तिच्या तोंडात कोंबून तिला तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तेव्हा सरकारला ही भाषा मारायची होती आणि त्यासाठी पगारी माणसं होती. आता सरकारला ती जगवायची आहे आणि त्यासाठीही पगारी माणसं आहेत. अल्वेराचं म्हणणं असं, की पहिली माणसं कामाला जास्त चोख होती.

भाषा बोलणारे किती उरले याचा अहवाल दरवर्षी निघतो. एका वर्षी आकडा अकरा निघाला. अल्वेराने यादी मागवून घेतली आणि ज्येष्ठांच्या जेवणघरात, समोर हिरवी जेली थरथरत असताना, पेन्सिल घेऊन बसली. अकरांपैकी दोघे वारलेले होते. एकाला फक्त शिव्या येत होत्या. एकीला अस्खलित येत होती, पण ती भाषा शेजारच्या पायूट लोकांची होती. दोघी म्हाताऱ्या उत्तम बोलायच्या, पण एकीचं दुसरीला ऐकू जायचं नाही. खाली उरले पाच. त्या पाचांत एक अल्वेरा आणि दुसरी तिची धाकटी बहीण.

धाकटीचं नाव इथे येणार नाही. ती गेली, आणि आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की आपल्याला कोणी बोलावतंय असं त्यांना वाटतं आणि ती वाटेतच थबकतात. समितीने मात्र तिच्या नावाची पाटी अभ्यासवर्गाच्या खोलीवर लावली, दोन-दोन फुटी अक्षरांत. येता-जाता सगळ्यांनी वाचावं म्हणून. अल्वेरा तेव्हापासून त्या खोलीत मागच्या दाराने जाते.

दोघी बहिणी कार्सन खोऱ्यात, एका गोऱ्याच्या गुरांच्या वाड्यामागच्या खोपटात जन्मल्या. बाप गवत कापायचा, आई गोऱ्यांचे कपडे धुवायची आणि उरलेल्या वेळात वाळुंजाच्या फोकांच्या टोपल्या विणायची. थोरली वसतिशाळेत गेली आणि नऊ वर्षांनी परत आली, तेव्हा ती आईशी इंग्रजीत बोलायला लागली होती. आईने रागावून वगैरे काही केलं नाही. तिने फक्त इंग्रजी कळेनासं केलं. अल्वेरा म्हणाली भूक लागलीय, आई खिडकीबाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अल्वेराला वाशोतली भूक आठवली. भाषा शिकवायची याहून चांगली पद्धत समितीला अजून सापडलेली नाही, आणि सापडली तरी तिला अनुदान मिळणार नाही.

धाकटी शाळेच्या तावडीत सापडलीच नाही. तिचा खोकला पाहून डॉक्टरने तिला घरी ठेवायला सांगितलं. त्यामुळे थोरली जे नऊ वर्षं विसरत होती ते धाकटी नऊ वर्षं शिकत होती. अल्वेराच्या मनात ही गोष्ट कायमची रुतून बसली. पुढे तिने सरोवराकाठच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं चादरी धुतल्या, नवरा केला, नवरा पुरला, गुडघे झिजवले. पण धाकटी वाशोत बोलायला लागली की तिच्या तोंडावर अशी कळा यायची, जणू कोणी तिचाच कोट घालून हिंडतंय.

आईला हे दिसत नव्हतं असं नाही. म्हणूनच तिने झाडांचं बोलणं दोघींत वाटून दिलं.

शरद ऋतूत आम्ही चिलगोज्यांसाठी टेकड्यांवर जातो. पहिली आकडी फांदीला लागण्याआधी कोणीतरी झाडांशी बोलायचं असतं, आणि आमच्या बाजूला ते काम अल्वेराच्या घराण्याचं. बोलणं चांगलं लांबलचक आहे. पहिल्या अर्ध्यात आपण कोण, कोणाच्या लेकी, कुठल्या ओढ्यावरून आलो ते सांगायचं. दुसऱ्या अर्ध्यात मागायचं: किती घेऊ, पाखरांना आणि उंदरांना किती ठेवू, फांद्यांवर काठ्या मारू त्याबद्दल रागावू नका. पहिलं अर्धं आईने थोरलीला दिलं, दुसरं धाकटीला. वर्षभर एकमेकींचं तोंड बघितलं नाही तरी एक दिवस शेजारी उभं राहावं लागेल, असा तिचा हिशेब. तो हिशेब साठ वर्षं बरोबर चालला. त्यात अल्वेराचं एवढंच गाऱ्हाणं होतं की मागण्याचा भाग, म्हणजे खरा भाग, धाकटीला मिळाला आणि आपल्या वाट्याला नुसती ओळखपरेड आली.

त्यात धाकटीने रेनोहून कॅसेटचं यंत्र आणलं. आई तेव्हा थकली होती. धाकटीने चुलीजवळ बसवून तिच्याकडून सोळा कॅसेटी भरून घेतल्या: झाडांचं बोलणं सबंध, गोष्टी, शिव्या, पाळण्यातल्या पोराशी बोलतात ते, सगळं. आई गेली आणि रीतीप्रमाणे तिचं सारं जाळलं. जळाल्या नाहीत त्या फक्त कॅसेटी. त्या धाकटीने बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवल्या, आणि पाच वर्षांनी मोठ्या फुशारकीने थोरलीला सांगितलं.

"आईचा आवाज ठेवलास?" अल्वेरा म्हणाली. "खोक्यात?"

"मग काय, तो पण जाळायचा होता?"

"तोच आधी जाळायचा होता. मेलेलं माणूस बोलत राहिलं तर जाणार कधी?"

"तुला काय धाड भरलीय? तुझ्या वाटचं तोंडपाठ आहे ना तुला? मग माझ्या खोक्याशी तुझा काय संबंध?"

त्या वर्षी दोघी टेकडीवर शेजारी उभ्या राहिल्या, बोलल्या त्या फक्त झाडांशी. कॅसेटींच्या दुसऱ्या प्रती कधीच निघाल्या नाहीत. थोरली जिवंत आहे तोवर त्या कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत, एवढी भीड धाकटीने ठेवली. आणि टेकडीवर कोणी यंत्र आणलं की अल्वेरा त्याच्याकडे अशी बघायची की माणूस ते परत गाडीत ठेवून यायचा. दरवर्षी दीडशे माणसं मान खाली घालून ते बोलणं ऐकायची, आणि नंतर खायचा फ्राय ब्रेड, म्हणजे तळलेली जाड पोळी, गार होतोय याची काळजी करायची.

जानेवारीत धाकटी गेली. फार त्रास न होता गेली. पुरून झाल्यावर अल्वेराने रीतीप्रमाणे तिच्या वस्तू घराबाहेर काढल्या. जाळायला आता अग्निशमन खात्याचा परवाना लागतो. तोही तिने काढला. परवान्यावर 'काय जाळणार' या रकान्यात 'पालापाचोळा' असं लिहिलं. शाली, अंथरूण, विणायचं अर्धवट राहिलेलं काम, चपला. आणि पहिल्यांदा, या सगळ्याच्याही आधी, पलंगाखालचं बुटांचं खोकं. प्लास्टिकचा घाण काळा धूर निघाला आणि शेजारच्याने खिडक्या लावून घेतल्या. अल्वेरा काठीने ढोसत उभी राहिली. तिने रीत पाळली होती. त्यात कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त रीत पाळताना माणसाला इतकं बरं वाटू नये, एवढं तिचं तिलाही कळत होतं.

एप्रिलमध्ये कोरिना आली. कोरिना ही धाकटीच्या लेकीची लेक. आमच्यात आईच्या आईला गुउ म्हणतात आणि तिच्या बहिणीलाही गुउच, त्यामुळे अल्वेराही तिची गुउ. पंधरा वर्षं जुगारघरात पत्ते वाटून झाल्यावर ती भाषेच्या कामाला लागली होती. वसाहतीतल्या बालवाडीत पोरांना शिकवायची. अस्वल, ससा, लाल, निळा, एक ते वीस. पोरं लाल अस्वल आणि निळा ससा अगदी सफाईने म्हणायची. दार लाव म्हणायची वेळ आली की इंग्रजी.

"गुउ, आजी म्हणाली होती, माझ्यानंतर खोकं तुझं," कोरिनाने कॉफी ओतता ओतता विषय काढला. "मी मुद्दाम तीन महिने थांबले. लगेच कसं विचारायचं. तुला माहितीय ना कुठे ठेवलंय?"

अल्वेराच्या हातात तेव्हा बिस्किट होतं. ते तिने पूर्ण खाल्लं.

"असेल कुठेतरी," ती म्हणाली.

खरं सांगायला ती वेळ चांगली होती. त्यानंतर इतकी चांगली वेळ पुन्हा आली नाही.

समितीने खोकं शोधायला उपसमिती नेमली. अध्यक्ष डेल्बर्ट, जो मूळ समितीचाही अध्यक्ष, आणि ज्याला वाशोत स्वतःचं नाव सांगता येतं, पण लागोपाठ दोनदा नाही. उपसमितीच्या तीन बैठका झाल्या. तिसरीत खोक्याचं वर्णन मंजूर झालं. एका विद्यापीठाला पत्र गेलं. पत्र मिळाल्याचं पत्र आलं. कोरिना एकटी मात्र खरोखर शोधत होती. रोज काम सुटल्यावर ती धाकटीच्या गॅरेजमध्ये शिरायची, आणि अल्वेरा तिला थर्मासमधून कॉफी नेऊन द्यायची.

"आन्टी, तुम्ही काळजी करू नका," डेल्बर्ट एकदा जेवणघरात तिच्याजवळ येऊन बसला. "सप्टेंबरच्या आत सापडेल. माझ्या डोक्यात काय आहे सांगू? टेकडीवर कर्णा लावू, जनरेटर नेऊ. तुमच्या आईचा आवाज सगळ्या खोऱ्यात घुमेल."

"माझी आई चाळीस वर्षांपूर्वी मेली, डेल्बर्ट."

"तेच तर. काय वाटेल लोकांना!"

"लोकांचं सोड. तिला काय वाटेल?"

डेल्बर्टने हे टिपून घेतलं. त्याला ते भाषणासाठी चांगलं वाटलं.

"आणि समजा नाहीच सापडलं," तो उठताना म्हणाला, "तरी तुम्ही आहातच की. तुम्हाला सगळं येतं ना? दुसरं अर्धंपण?"

"साठ वर्षं शेजारी उभी होते," अल्वेरा म्हणाली. "येणार नाही तर काय."

येत नाही असं डेल्बर्टला सांगायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच. ज्या बाईला सरकारने साबण चारला आणि मग समितीने पितळेचा पत्रा दिला, तिला आपली भाषा अर्धी येत नाही असं हिरव्या जेलीसमोर बसून कबूल करायचं म्हणजे काय.

साठ वेळा ऐकलं होतं हे खरं. पण कसं ऐकलं होतं? धाकटी बोलायला लागली की अल्वेरा तिच्या चुका मोजायची. इथे घाई केली, इथे आईसारखं लांबवलं नाही, इथे उगीच रडवेला आवाज काढला. आता आठवायला बसली तर चुका सगळ्या आठवत होत्या. ज्यात त्या झाल्या ती वाक्यं आठवत नव्हती. फोक सोलताना, गाडीत, भांडी घासताना ती तोंडातल्या तोंडात सुरुवात करायची आणि चौथ्या-पाचव्या शब्दाशी अडायची. पाखरांचा एक तुकडा हाती लागला, उंदरांचा अर्धा. मागण्याचं वाक्य, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते काही केल्या येईना.

ऑगस्टमध्ये ती गाडी काढून वुडफर्ड्सला हॅलीकडे गेली. हॅली ब्याण्णव वर्षांचा, यादीतल्या उरलेल्या पाचांपैकी. खुर्चीत बसून दूरचित्रवाणीवर घोड्यांच्या शर्यती बघत होता.

"ते मागायचं कसं म्हणायची रे माझी बहीण?" तिने वाशोत विचारलं. "तू यायचास दरवर्षी. उभा असायचास पुढे."

"पुढे असायचो," हॅली म्हणाला. "तिच्यासाठी नाही, ब्रेडसाठी. रांग तिथूनच सुरू व्हायची."

"काहीच आठवत नाही?"

"चांगलं म्हणायची. तुझ्यापेक्षा चांगलं." मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तुला येत नाही होय गं ते?"

हॅलीने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला आणि शर्यत संपेपर्यंत तसाच राहू दिला.

परत येताना तिने ठरवलं की कोरिनाला सांगायचं. घरी आली तर दारात कोरिना उभी, केसांत कोळिष्टकं. "नाही सापडलं, गुउ. सगळं गॅरेज पालथं घातलं. आता तूच आहेस आम्हाला." आणि तिने म्हातारीला मिठी मारली. त्या मिठीत कबुलीजबाब देणं शक्य नव्हतं; तोंड कोरिनाच्या खांद्यात दाबलं गेलं होतं.

सप्टेंबरचा तो शनिवार उजाडला. टेकडीवर कर्णा होता, जनरेटर होता, ज्येष्ठांसाठी खुर्च्या होत्या, समितीचे वाशो अक्षरांचे सदरे होते. सदऱ्यावरचा मजकूर चुकला होता, पण रंग चांगला आला होता. भाषा कळणाऱ्यांपैकी हॅलीचं त्या दिवशी डायलिसिस होतं. बाकी दोघींपैकी एक नातवाच्या लग्नाला सॅक्रामेंटोला गेलेली, दुसरी आली होती, पण कानातलं यंत्र जनरेटरच्या आवाजाने शिट्ट्या मारायला लागलं म्हणून तिने ते काढून पर्समध्ये टाकलं. कोरिना रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन पुढे बसली. या वर्षी अल्वेराने तिच्याकडे तसं बघितलं नाही.

अल्वेरा झाडांकडे तोंड करून उभी राहिली आणि आपलं अर्धं बोलली. चांगलं बोलली. कोणाची लेक, कुठला ओढा, कुठल्या वाटेने आलो. आवाज कापला नाही. मग ती साठ वर्षं जिथे थांबत आली तिथे थांबली आणि, सवयीने, एक पाऊल डावीकडे सरकली, धाकटीला जागा व्हावी म्हणून.

ती जागा रिकामीच राहिली. माणसं मान खाली घालून थांबली होती. डेल्बर्टने भुवया उंचावून 'हं, पुढे' अशी खूण केली. आकड्या घेतलेले लोक मागे उभे होते, वाट बघत. परवानगी मागितल्याशिवाय फांदीवर काठी घालायची नाही, हे अल्वेराला चालता येण्याआधीपासून माहीत होतं. आणि परवानगी मागायचे शब्द तिने स्वतःच्या हाताने, काठीने ढोसून ढोसून, जाळले होते. मग ती परत पुढे सरकली आणि वाशोत बोलायला लागली.

"पुढचं मला येत नाही," ती झाडांना म्हणाली. "पुढचं माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. ते एका खोक्यात होतं, आमच्या आईच्या तोंडचं, आणि ते खोकं मी आगीत टाकलं. रीत म्हणून टाकलं असं मी सांगते. पण टाकताना मला बरं वाटत होतं. ती माझ्याहून चांगलं बोलायची. आईने तिला चांगला वाटा दिला असं मला जन्मभर वाटत आलं. ही माणसं मागे काठ्या घेऊन उभी आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. तुम्हाला कसं विचारायचं ते मला ठाऊक नाही. राग धरायचा तर माझा धरा."

कर्ण्यातून ते सगळ्या टेकडीवर गेलं. दीडशे माणसांनी ते भक्तिभावाने ऐकलं. मग डेल्बर्टने डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. झाडांशी बोलल्यावर टाळ्या वाजवायची आमच्यात रीत नाही, पण एकदा अध्यक्षांनी सुरुवात केल्यावर काय करणार. आकड्या चालू लागल्या. चिलगोजे त्या वर्षी भरपूर पडले.

कोरिना धावत आली. "गुउ, मला त्यातले दोन शब्द कळले. धाकटी बहीण, आणि आग. म्हणजे चिलगोज्याच्या झाडाला धाकटी बहीण मानतात का? आणि आग म्हणजे भाजायची?"

अल्वेराने तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा नुसता उजळला होता. "अगं," ती म्हणाली, "मला जरा बसू दे आधी."

तिला बसवलं. पेज आणून दिली. मग फोटो झाले.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात समितीने अल्वेराला बालवाडीत बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं. चार-पाच वर्षांची बारा पोरं डोक्याला कागदी पिसं लावून उभी राहिली. पिसं पाहून तिच्या कपाळाला आठी पडलीच होती, तेवढ्यात पोरांनी तोंड उघडलं. कोरिनाने यंत्रावरचं ऐकवून त्यांच्याकडून सबंध बोलणं पाठ करून घेतलं होतं. पहिलं अर्धं. आणि मग, एक पाऊल डावीकडे सरकून परत पुढे येऊन, दुसरं.

'ते खोकं मी आगीत टाकलं,' बारा पोरं वाशोत, गोड आवाजात, एका सुरात म्हणाली. 'पण टाकताना मला बरं वाटत होतं.'

आयांनी फोन वर धरले होते. अल्वेराला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. तिला लाज वाटत होती, आणि त्या लाजेत दुसरंही काहीतरी मिसळलं होतं जे तिला आणखी नकोसं होतं: पोरं चांगलं बोलत होती. वाशोत शब्दाच्या मधेच घशात आवाज तोडावा लागतो, तो अडखळा जिथे हवा तिथे येत होता. लाल अस्वलाच्या वेळी तो कधी आला नव्हता. तिसऱ्या पोराने एक शब्द तोकडा केला तेव्हा तिचे ओठ आपोआप हलले आणि तिने तो नीट म्हणून दाखवला. पोराने लगेच सुधारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरिना वही-पेन्सिल घेऊन घरी आली. समिती पुस्तिका छापणार होती, डावीकडे वाशो, उजवीकडे अर्थ. पहिल्या अर्ध्याचा अर्थ तासाभरात झाला.

"आता दुसरं," कोरिना म्हणाली. "एकेक वाक्य सांग. पहिलं?"

अल्वेराने खुर्ची टेबलाजवळ ओढली. 'काहीतरी सांगू शकते मी,' तिच्या मनात आलं. पाखरं, उंदीर, फांद्या. पुस्तिका छापली जाईल आणि कोणाच्या बापालाही कळणार नाही. कळणारे जे होते ते आता घोड्यांच्या शर्यती बघत होते. पण मग तिच्यामागे ही पोरं ते शब्द एका अर्थाने म्हणतील आणि शब्दांचा अर्थ दुसराच असेल. असली भाषा जगली काय आणि मेली काय.

"'पुढचं मला येत नाही,'" ती म्हणाली.

कोरिनाने लिहिलं. "नम्रपणा," ती मान डोलवत म्हणाली. "पुढे?"

"'पुढचं माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.'"

लिहिलं.

"'ते एका खोक्यात होतं, आमच्या आईच्या तोंडचं, आणि ते खोकं मी आगीत टाकलं.'"

पेन्सिल 'खोक्यात'पर्यंत गेली आणि थांबली. कोरिनाने वर पाहिलं नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"जानेवारीत. पुरून आल्यावर."

"मी एप्रिलपासून त्या गॅरेजमध्ये उंदरांच्या लेंड्या झाडत होते, गुउ. तू मला कॉफी आणून द्यायचीस."

"हो."

"साखर घालून."

"हो."

"एकदा सांगायचंस. एकदा."

"सांगितलं," अल्वेरा म्हणाली. "दीडशे माणसांपुढे, कर्ण्यावर. तू पुढेच बसली होतीस, यंत्र घेऊन. तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही."

कोरिना रडायला लागली. तोंड न झाकता, आवाज न करता, टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून. अल्वेराला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण तो हक्क आपला उरलेला नाही असं वाटून ती जागेवरच बसली. तिच्या डोळ्यांनाही पाणी आलं. धाकटी गेल्यापासून ते पहिल्यांदाच आलं.

"पोरांना पाठ झालंय," कोरिना शेवटी म्हणाली. "आयांनी सगळीकडे पाठवलंय. आता मी त्यांना काय सांगू? हे विसरा म्हणून?"

"काय करायचं ते तू ठरव. पण त्यात भाषेची चूक एक नाही. आणि खोटं एक अक्षर नाही. अख्ख्या समितीच्या कपाटात असं दुसरं काही असेल तर दाखव."

कोरिनाने बाहीने नाक पुसलं. पेन्सिल उचलली, अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. त्यापुढचं विचारलं, लिहिलं. त्यापुढचं विचारलं, लिहिलं. 'बरं वाटत होतं' लिहिताना टोक मोडलं. तिने सुरीने नवं काढलं. अल्वेरा एकेक वाक्य सांगत गेली, घाई न करता, आधी वाशोत आणि मग अर्थ.

"शेवटचं काय आहे?"

"'राग धरायचा तर माझा धरा.'"

"तो मी धरणारच आहे," कोरिना म्हणाली, आणि ते वाक्य तिने लिहून घेतलं.